पाळी जाताना वाढणारं वजन: उपास नको, दिनक्रम बदला

परकर तोच, नाडी तीच, पण गाठ मारायला नाडी पुरेना. माझ्या बाबतीत हे ४७ व्या वर्षी सुरू झालं. खाणं वाढलं नव्हतं, घरचं-बाहेरचं काम होतं तेवढंच होतं. काट्यावर जेमतेम तीन किलो वाढले होते, पण ते सगळे पोटावर. मग मी तेच केलं जे बहुतेकजणी करतात. सोमवार-गुरुवार उपास धरले, इतर दिवशी रात्रीचं जेवण सोडलं, सकाळी कडकडीत पाण्यात लिंबू-मध सुरू केलं. दोन महिन्यांत दीड किलो उतरलं. सोबत झोप गेली, केस गळायला लागले, घरात सगळ्यांवर चिडचिड सुरू झाली, आणि त्यानंतरच्या दोन महिन्यांत ते दीड किलो परत आलंच, वर आणखी थोडं घेऊन आलं.

त्यानंतर एका वैद्यबाईंनी मला सगळं पहिल्यापासून समजावलं. ज्यांची पाळी आता मागेपुढे व्हायला लागली आहे आणि ज्यांनी अजून काहीच सुरू केलेलं नाही, त्यांच्यासाठी ते सगळं क्रमाने लिहिते आहे. एकदम सगळं करू नका. एक पायरी अंगवळणी पडली की पुढची.

आधी हे समजून घ्या

सलग १२ महिने पाळी आली नाही की रजोनिवृत्ती झाली असं धरतात. भारतीय बायकांमध्ये हे सरासरी ४६-४७ च्या आसपास होतं. सुश्रुतसंहितेत पाळीचा काळ १२ ते ५० वर्षं असा सांगितला आहे, तो आजही फारसा चुकत नाही. पण खरी गडबड सुरू होते ती त्याआधीच्या काही वर्षांत. इस्ट्रोजेन हे बायकांच्या शरीरातलं हार्मोन कधी वर, कधी खाली असं करत कमी होत जातं, आणि आधी मांड्या-नितंबांवर साठणारी चरबी पोटात, आतड्यांभोवती साठायला लागते. त्यात वयाबरोबर स्नायू झिजतात, त्यामुळे शरीर बसल्याजागी जी ऊर्जा खर्च करायचं तीही कमी होते. थोडक्यात, वजन वाढायला बरंचसं वय कारण, आणि ते पोटावरच जायला पाळी जाणं कारण. तुमचा काही दोष नाही, हे आधी मनाशी पक्कं करा.

आयुर्वेदाच्या भाषेत मध्यम वय पित्ताचं आणि उतारवय वाताचं. पाळी जाण्याचा काळ या दोघांच्या वेशीवर येतो. म्हणून अंगातून वाफा येणं, कानशिलं तापणं ही पित्ताची लक्षणं, आणि झोप उडणं, सांधे कुरकुरणं, कातडी कोरडी पडणं ही वाताची, अशी दोन्ही एकत्र दिसतात. वजन मात्र कफ आणि मेदाचं. वैद्यबाई म्हणाल्या, "वजन कफाचं आहे, पण वय वाताचं आहे, हे विसरू नका." उपाशी राहिलं, कोरडं-कोरडं खाल्लं, जीव तोडून व्यायाम केला तर कफ कमी होईलही, पण वात भडकेल. माझे दोन महिने याच कारणाने वाया गेले होते.

चरकसंहितेत स्थूल माणसासाठी एक फार शहाणा नियम आहे: अन्न गुरू हवं, पण अतर्पण हवं. म्हणजे पोटाला जड, भरल्यासारखं वाटणारं, तरी अंगावर न चढणारं. कारणही दिलं आहे: मेदाने मार्ग अडले की वायू कोठ्यात फिरत राहतो, अग्नी (पचनाची ताकद) पेटवतो, आणि अशा माणसाला भूक जास्तच लागते. त्याला उपाशी ठेवू नका, त्याच्या अग्नीला काम द्या. पुढचं सगळं या एका नियमावर उभं आहे.

पहिली पायरी: आठवडाभर फक्त मोजा आणि लिहा

शिवणकामाची टेप घ्या. शेवटची बरगडी आणि कमरेचं हाड यांच्या मधोमध, श्वास सहज सोडून, पोट आत न ओढता घेर मोजा. आपल्याकडच्या बायकांसाठी ८० सेंटिमीटर, म्हणजे साधारण साडेएकतीस इंच, ही धोक्याची रेघ मानतात. वजनकाट्यापेक्षा हा आकडा जास्त महत्त्वाचा, कारण पोटातली चरबीच साखर, रक्तदाब आणि हृदयाशी जोडलेली आहे.

याच आठवड्यात रक्त तपासून घ्या: थायरॉइड, एचबीए१सी (गेल्या दोन-तीन महिन्यांतली सरासरी साखर), हिमोग्लोबिन, कोलेस्टेरॉल, जमलं तर ड जीवनसत्त्व आणि बी-१२. थायरॉइड मंदावल्याची लक्षणं आणि पाळी जाण्याची लक्षणं इतकी सारखी असतात की अंदाजाने काही ठरवणं बरोबर नाही. काढे पीत बसायचं आणि मूळ दुखणं थायरॉइडचं निघायचं, असं व्हायला नको.

आणि एक वही. काय खाल्लं, त्यापेक्षा कधी खाल्लं ते लिहा. झोप किती वाजता लागली, रात्री किती वेळा जाग आली, तेही लिहा. काही बदलू नका. माझ्या वहीत दिसलं की दिवसाचं अर्ध्याहून जास्त खाणं संध्याकाळी सहानंतर होत होतं: चहासोबत खारी, स्वयंपाक करताना तोंडात टाकलेले शेंगदाणे, मुलांच्या ताटात उरलेलं, आणि साडेनऊला जेवण.

दुसरी पायरी: रात्रीचं जेवण अलीकडे आणा

एवढी एकच गोष्ट करणार असाल तर ही करा. साडेसात, फार तर आठ. झोप आणि जेवण यांत अडीच-तीन तास हवेत. आपल्या घरांत हे सोपं नाही, मला माहीत आहे. नवरा नऊला येतो, मुलं क्लासहून येतात, आणि बाई सगळ्यांना वाढून शेवटी बसते. मी घरात सरळ सांगितलं की मी साडेसातला जेवणार, नंतर तुमच्यासोबत ताक घेऊन बसेन. पहिले चार दिवस सगळ्यांना चमत्कारिक वाटलं, पाचव्या दिवशी सवय झाली. सासूबाईंना तर आनंदच झाला, त्यांना सोबत मिळाली.

रात्री काय? मुगाची पातळ खिचडी आणि भाजी, ज्वारीची अर्धी-पाऊण भाकरी आणि वरण, किंवा भाज्या घातलेलं मुगाचं कढण. रात्रीचं दही टाळा, आयुर्वेदात ते स्पष्ट मना केलं आहे. पोटाचे चार भाग कल्पून दोन भाग अन्न, एक भाग पातळ पदार्थ आणि एक भाग मोकळा, हे जुनं माप रात्री तरी पाळा. जेवण झाल्यावर शतपावली. ती नावापुरती नको, दहा-पंधरा मिनिटं घरातल्या घरात किंवा सोसायटीच्या आवारात सावकाश चाला. जेवणानंतर चालल्याने रक्तातली साखर कमी उसळते, हे आता आधुनिक वैद्यकानेही मोजून दाखवलं आहे.

दुपारचं जेवण हेच दिवसाचं मुख्य जेवण ठेवा, तेव्हा अग्नी चांगला असतो. ऑफिसला जाणाऱ्यांनी डबा दोन कप्प्यांऐवजी तीन कप्प्यांचा न्यावा, म्हणजे संध्याकाळी वडापावच्या गाडीकडे पाय वळत नाहीत.

तिसरी पायरी: ताटात काय

चरकाने स्थूलांसाठी सांगितलेल्या धान्यांची यादी मी पहिल्यांदा ऐकली तेव्हा मला आजीचं कोठार आठवलं: जव, हरीक, मूग, कुळीथ, तूर, सोबत पडवळ आणि आवळा. त्यातलं जूर्णाह्व म्हणजे आपली ज्वारी असं मानतात. बाहेरून काही मागवायची गरजच नाही. (जव आणि जवस यांत गोंधळ होतो म्हणून सांगते: जव हे गव्हासारखं धान्य, जवस ही चटणीची तेलबी. दोन्ही चांगल्या, पण वेगळ्या.)

मात्र ज्वारी खाल्ली की वजन आपोआप उतरतं, हा गैरसमज काढून टाका. वजनाला वजन धरलं तर ज्वारी आणि गव्हाच्या कॅलरी जवळपास सारख्याच. फरक असा की भाकरी चावावी लागते, तिच्यावर तेल लावत नाही, आणि दीड भाकरीत पोट भरतं. पोळ्या मात्र गप्पांच्या नादात चार होतात. गुरू आणि अतर्पण म्हणजे नेमकं हेच.

कुळथाच्या पिठीबद्दल एक सूचना. कोकणात वाढलेल्या बायकांना ती जीव की प्राण असते, आणि मेदासाठी ती उत्तमच. पण कुळीथ उष्ण आहे. ज्यांना दिवसातून पाच-सहा वेळा वाफा येतात, रात्री घामाने गाऊन भिजतो, त्यांनी तो आठवड्यातून एखादवेळी घ्यावा आणि रोजचं काम मुगावर चालवावं. सोबत कोकमाचं सार, धने-जिऱ्याचं पाणी, दुधी, पडवळ, दोडका. तिखट-मसालेदार रस्सा आणि लागोपाठ चहा यांनी वाफा वाढतात का, ते तुमच्या वहीत दोन आठवडे बघा. सगळ्यांच्या वाढतातच असं नाही.

आता प्रथिनं. आपण इथेच सगळ्यात कमी पडतो. या वयात दर किलो वजनामागे साधारण एक ग्रॅम प्रथिनं दिवसाला हवीत, म्हणजे ६० किलोच्या बाईला ६० ग्रॅम. मध्यम भाकरीतून मिळतात साधारण ५ ग्रॅम, वाटीभर घट्ट वरणातून ६-७, ग्लासभर दुधातून ६-७, मूठभर शेंगदाण्यातून ७, एका अंड्यातून ६, वाटीभर मोड आलेल्या मटकीच्या उसळीतून ७-८. बेरीज करून बघा. पातळ आमटीवर आणि भातावर चाळिशी पार केलेली बाई या ६० ग्रॅमपर्यंत कधीच पोहोचत नाही, आणि मग स्नायू झिजतात. मासे खाणाऱ्यांना सोपं आहे, बांगड्याच्या १०० ग्रॅम मांसात २० ग्रॅमच्या आसपास मिळतात. मूत्रपिंडाचं दुखणं असेल तर मात्र हे प्रमाण डॉक्टरांना विचारूनच.

हाडांसाठी नाचणी आणि तीळ. १०० ग्रॅम नाचणीत साडेतीनशे मिलिग्रॅमच्या आसपास कॅल्शियम असतं. सकाळी ताकातली नाचणीची आंबील, जेवणात चमचाभर तिळाची किंवा कारळ्याची चटणी. तूप बंद करू नका. दोन लहान चमचे दिवसाला, वात शांत राहतो. तेलावर मात्र नजर ठेवा: माणशी महिन्याला अर्धा लिटर. घरात चार माणसं आणि पाच लिटरचा डबा महिन्यात संपत असेल तर पहिली दुरुस्ती तिथेच.

उपासाबद्दल बोलल्याशिवाय राहवत नाही. "एकादशी आणि दुप्पट खाशी" ही म्हण आपल्या घरांतूनच आली आहे. साबुदाणा म्हणजे जवळजवळ निव्वळ पिष्ट, त्यात तूप, दाण्याचं कूट आणि बटाटा. श्रद्धेने उपास करत असाल तर जरूर करा, पण भगर, राजगिरा, ताक, दाण्याची पातळ आमटी, फळं असा करा. वजनासाठी म्हणून निर्जळी किंवा दिवसभर चहावर राहणं या वयात करू नका.

आणि ते लिंबू-मध. मध तापवू नये, गरम पदार्थांबरोबर घेऊ नये, असं आयुर्वेदच ठामपणे सांगतो. स्थूलांसाठी मधाचं पाणी सांगितलं आहे, हे खरं, पण ते साध्या पाण्यातलं. कडकडीत पाण्यात मध घालून आयुर्वेदाच्या नावाने पिणं चूक आहे. मधुमेह असेल तर मध ही साखरच समजा.

चौथी पायरी: चालणं पुरेसं नाही

मी वर्षभर रोज सकाळी पाऊण तास चालत होते आणि पोट जागचं हलत नव्हतं. चालणं सोडू नका, आठवड्याला १५० मिनिटं झपाझप चालणं हवंच. पण झिजणारा स्नायू परत यायचा तर त्याला भार द्यावा लागतो, आठवड्यातून निदान दोनदा.

सुरुवात अशी करा. पहिला आठवडा: उंच खुर्चीवरून हात न टेकता उठणं-बसणं, १० वेळा, दोनदा. ओट्याला हात लावून टाचा उचलणं, १५ वेळा. भिंतीवर हात ठेवून जोर, १० वेळा. दुसऱ्या-तिसऱ्या आठवड्यात हातात एकेक लिटरच्या पाण्याच्या बाटल्या घ्या. महिन्याभराने खुर्ची थोडी कमी उंचीची. गुडघे तक्रार करत नसतील तर सूर्यनमस्कार उत्तम, सुरुवातीला तीन, मग दर आठवड्याला एक वाढवत बारापर्यंत. औंधचे राजे भवानराव पंतप्रतिनिधी यांनी गेल्या शतकाच्या सुरुवातीला घरोघरी सूर्यनमस्कार पोहोचवायचा ध्यास घेतला होता, आणि त्यात स्त्रियाही होत्या. हा वारसा आपलाही आहे.

किती करायचं? आयुर्वेदाचं माप आहे अर्धी शक्ती. कपाळावर, नाकावर, काखेत घाम आला, तोंड कोरडं पडू लागलं की थांबायचं. हे माप मला फार आवडतं, कारण ते घड्याळावर नाही, तुमच्या अंगावर आहे. आज जिची अर्धी शक्ती पाच उठबशांची आहे तिची महिन्याने बारांची होते.

एक गोष्ट बायका सांगत नाहीत. शिंकताना, उडी मारताना लघवीचे थेंब जातात म्हणून पुष्कळजणी व्यायामच सोडतात. लाजू नका. लघवी अडवताना जे स्नायू आवळतो ते पाच सेकंद आवळून पाच सेकंद सैल सोडायचे, दहा वेळा, दिवसातून तीनदा. बसल्या जागी, बसमध्येही करता येतं, मात्र प्रत्यक्ष लघवी करताना करू नका. दोन-तीन महिन्यांत फरक पडला नाही तर फिजिओथेरपिस्ट किंवा स्त्रीरोगतज्ज्ञाकडे जा.

हाडं ठिसूळ झाल्याचं निदान असेल तर पुढे वाकण्याचे आणि उड्यांचे प्रकार विचारल्याशिवाय नकोत, मंगळागौरीची फुगडीसुद्धा.

पाचवी पायरी: झोप

इथे मी ग्रंथातला शब्द जसाच्या तसा घेत नाही. स्थूलांसाठी चरकाने हळूहळू जागरण वाढवायला सांगितलं आहे. पण पाळी जाताना झोप आधीच तुटलेली असते, आणि अपुऱ्या झोपेने दुसऱ्या दिवशी गोड-तळलेलं खावंसं वाटतं. वैद्यबाईंचंही हेच मत पडलं: वय वाताचं, जागरण वात वाढवतं, तेव्हा या उपायाला इथे सुट्टी.

रात्री झोपताना तळपायांना तिळाचं तेल किंवा तूप लावून काशाच्या वाटीने पाच-पाच मिनिटं घासा. माझ्या सासूबाईंची वाटी माळ्यावर पडून होती, ती आता माझ्या उशाशी असते. खोली थंड, सुती गाऊन, दुपारी चारनंतर चहा-कॉफी बंद, मोबाइल दुसऱ्या खोलीत.

दुपारची झोप मेद वाढवते असं सगळे ग्रंथ सांगतात, कडक उन्हाळ्यात मात्र सूट आहे. पण रात्र घामात गेली असेल तर करायचं काय? अष्टांगहृदय या आयुर्वेदाच्या ग्रंथात यावर सुंदर तोड आहे: बसल्या-बसल्या डुलकी. ती रूक्षही नाही आणि कफ वाढवणारीही नाही. आरामखुर्चीत टेकून वीस मिनिटं. गजर लावा.

तेल आणि उटणं

आठवड्यातून दोनदा आंघोळीआधी कोमट तिळाचं तेल, विशेषतः डोकं, कान आणि पाय. नंतर कुळथाच्या किंवा हरभऱ्याच्या पिठाने चोळून काढा. सांध्यांना आराम पडतो, कातडी मऊ होते, झोप चांगली लागते. ग्रंथांत उद्वर्तनाने, म्हणजे असं उटणं चोळण्याने, मेद विरघळतो म्हटलं आहे, पण नुसतं उटणं लावून घेर कमी होईल या आशेने महागडी पॅकेजं घेऊ नका.

औषधं: इथे थांबा आणि विचारा

नैसर्गिक म्हणजे निर्धोक, हे खरं नाही. गुग्गुळ थायरॉइडच्या आणि रक्त पातळ करणाऱ्या औषधांशी जमत नाही. अश्वगंधेने थायरॉइडचे आकडे बदलू शकतात आणि क्वचित यकृताला इजा झाल्याच्या नोंदी आहेत. ज्येष्ठमध फार दिवस घेतलं तर रक्तदाब वाढतो. पारा-शिसं असलेली रसौषधी तर स्वतःच्या मनाने कधीच नकोत. स्तनाचा किंवा गर्भाशयाचा कर्करोग होऊन गेला असेल तर शतावरीसुद्धा डॉक्टरांना विचारून. वैद्यांकडे जाताना चालू असलेल्या सगळ्या गोळ्यांची यादी सोबत न्या, आणि डॉक्टरांनाही वैद्यांची औषधं सांगा. वाफांनी जगणं नकोसं झालं असेल तर हार्मोनच्या उपचारांबद्दल स्त्रीरोगतज्ज्ञाशी मोकळेपणाने बोला. दिनचर्या आणि ते उपचार यांचं भांडण नाही.

पाळी जाऊन वर्ष उलटल्यावर एक थेंब जरी रक्त दिसलं, तरी वाट न पाहता तपासून घ्या. न प्रयत्न करता वजन भराभर उतरायला लागलं, पोट सतत फुगलेलं राहिलं, छातीत दुखलं, मन महिनाभर उदासच राहिलं, तर तेव्हाही.

किती दिवसांनी फरक दिसेल

पहिल्या पंधरा दिवसांत पोटाचं जडपण आणि सकाळची सुस्ती कमी होते. झोप साधारण महिन्याने सुधारते. टेपवर फरक दिसायला मला तीन महिने लागले, आणि तोही दोनच सेंटिमीटरचा. काटा तर तेव्हा जागेवरच होता, कारण चरबी उतरत असताना स्नायू थोडा वाढत असतो. वर्षभरात वजनाच्या ५ टक्के, म्हणजे ७० किलोच्या बाईला साडेतीन किलो उतरलं, तरी साखर आणि रक्तदाबावर चांगला परिणाम दिसतो. कंबर महिन्यातून एकदाच मोजा, सकाळी उठल्यावर, त्याच टेपने, आणि आकडा वहीत तारखेसह लिहून ठेवा.